उंबरठ्यावरचे दोन सामने

डिचोलीहून आमच्या एका जुन्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा नातू तेरा वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर भारताचा सिंगापूरशी सामना झाला, तो त्याने घरी दूरचित्रवाणीपुढे बसून पाहिला. भारताने आधी गोल केला आणि अखेर सामना १–२ असा गमावला. त्याबरोबर २०२७ च्या आशियाई चषकाची आशाही मावळली. पोर त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आजीला विचारले, “आजी, दरवेळी हरायचेच असेल तर आपण खेळतो तरी कशाला?” आजींनी त्याची समजूत काढली, परंतु प्रश्न मात्र आमच्याकडे धाडून दिला आणि त्यास आपला एक जोडला. विश्वचषकाच्या अगदी पहिल्या पात्रता फेरीत भूतान, मकाव, ग्वाम असले चिमुकले संघ खेळतात. त्यांना विश्वचषक स्वप्नातसुद्धा दिसायचा नाही. मग एवढा खर्च आणि खटाटोप कोणासाठी, असे त्या विचारतात.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून नातवाच्या प्रश्नाचे देता येणार नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून तोच आधी घेतो. फुटबॉल हा काही आमच्या अधिकाराचा विषय नव्हे. परंतु गोव्यात जन्म काढलेल्या माणसाने फुटबॉलविषयी बोलायचे नाही असे ठरविले, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलण्यास पावसाखेरीज विषय उरत नाही.

ही पहिली फेरी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. २०१८ च्या विश्वचषकासाठी आशियातून ४६ संघ होते. त्यांपैकी वरच्या क्रमांकाचे ३४ संघ थेट दुसऱ्या फेरीत गेले आणि तळाच्या १२ संघांच्या चिठ्ठ्या टाकून सहा जोड्या लावण्यात आल्या. प्रत्येक जोडीचे सामने दोन. एक आपल्या घरी, एक त्यांच्या घरी. दोन्हींतील गोलांची बेरीज करायची. जास्त बेरजेचा संघ पुढे जाणार, दुसऱ्याची स्पर्धा तेथेच संपणार. बेरीज सारखी आली, तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे परक्या मैदानावर केलेल्या गोलांना अधिक वजन होते. आमच्या पिढीला मॅट्रिकला नापास झाल्यास ऑक्टोबरात पुन्हा बसता येत असे. येथे पुढची परीक्षा चार वर्षांनी. मार्च २०१५ मध्ये हे १२ संघ या परीक्षेस बसले, आणि त्यांत शेवटच्या बाकावर होता भूतान.

भूतानला जागतिक फुटबॉल संघटनेचे, म्हणजे फिफाचे, सभासदत्व २००० साली मिळाले. त्याच वर्षी आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात कुवेतने त्यांच्यावर वीस गोल केले. ३० जून २००२ रोजी, ज्या दिवशी जपानमध्ये ब्राझील आणि जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना होणार होता, त्याच दिवशी थिंफूत एक विलक्षण सामना झाला. जागतिक यादीतील अखेरचे दोन संघ, भूतान आणि कॅरिबियन समुद्रातील माँतसेरात हे बेट, एकमेकांशी खेळले. भूतानने तो ४–० असा जिंकला. परंतु त्यानंतरही हा संघ हळूहळू घसरतच गेला. २०१५ च्या मार्चमध्ये २०९ संघांच्या यादीत त्याचा क्रमांक २०९ वा होता. विश्वचषकाचा पात्रता सामना तो आयुष्यात प्रथमच खेळणार होता. कर्णधार राष्ट्रीय हवाई सेवेत वैमानिक. फुटबॉल हीच रोजी-रोटी असा खेळाडू जवळजवळ कोणी नाही. अपवाद चेन्चो ग्येल्त्शेन या एका तरुणाचा, जो परदेशात व्यावसायिक फुटबॉल खेळणारा पहिला भूतानी गणला जातो.

१२ मार्च रोजी कोलंबोत श्रीलंकेशी पहिला सामना. जिंकणार कोण, याविषयी यजमानांना फारशी शंका नसावी. सामना गोलशून्य अवस्थेत संपत आलेला, आणि शेवटची काही मिनिटे उरली असता त्शेरिंग दोरजीने गोल केला. भूतान १, श्रीलंका ०.

पाच दिवसांनी थिंफू. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवरचे चांगलिमिथांग मैदान. समुद्रकाठच्या माणसाला तेथे जिना चढतानाही धाप लागावी. पाचव्याच मिनिटास चेन्चोने गोल केला. मध्यंतरापूर्वी श्रीलंकेने तो फेडला. येथून पुढे जे घडले, किंवा घडता घडता राहिले, ते नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. भूतान दोन्ही सामने मिळून २–१ असा पुढे होता. वरवर पाहता निर्धास्त. वस्तुतः श्रीलंकेने आणखी एकच गोल केला असता, तर बेरीज २–२ झाली असती. आणि श्रीलंकेचे दोन्ही गोल परक्या मैदानावरचे, भूतानचा मात्र एकच, म्हणून भूतान बाद झाला असता. बरोबरीवर नव्हे, थेट पराभवावर. सगळा उत्तरार्ध हा संघ अशा एका गोलाच्या सावटाखाली खेळला. नव्वदाव्या मिनिटास चेन्चोनेच दुसरा गोल केला, तेव्हा कोठे त्या मैदानाने श्वास सोडला असेल. पुढच्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या यादीत भूतान २०९ वरून १६३ वर आला.

(हा चेन्चो पुढे आपल्याकडेही खेळला. २०१७–१८ साली मिनर्व्हा पंजाब या संघाने आय-लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता. फातोर्ड्याला जाणाऱ्यांपैकी काहींनी त्याला पाहिलेही असेल.)

आता भगिनी म्हणतील, पुढे काय झाले? पुढे झाले ते असे की दुसऱ्या फेरीत भूतानच्या वाट्याला चीन, कतार, हाँगकाँग व मालदीव आले आणि भूतान आठही सामने हरला. चीनने थिंफूतच सहा गोल केले. दोहा येथे कतारने पंधरा केले. तेव्हा काही शहाण्यांनी लिहिले की अशा संघांना वरच्या पायरीवर येऊ देणे हे त्यांच्यावरच अन्याय करण्यासारखे आहे. आम्हांला हे मत मान्य नाही. पंधरा गोल पाहणाऱ्याने मालदीवशी थिंफूत झालेला ३–४ हा सामनाही पाहावा. विश्वचषकाच्या दुसऱ्या फेरीत तीन गोल करणारा हा तोच संघ, ज्याला सहा महिन्यांपूर्वी जगात सर्वांत दुबळा म्हणत. आणि मुख्य गोष्ट आठ सामन्यांची आहे. पहिल्या फेरीत हरला असता तर त्याला हे आठ सामने मिळालेच नसते.

भगिनींच्या प्रश्नाचे आमचे उत्तर येथे आहे. आपण समजतो की ही फेरी विश्वचषकाच्या वाटेवरची पहिली पायरी आहे, आणि ज्याला शिखर गाठावयाचे नाही त्याने पायरीवर पाय कशाला ठेवावा. या संघांच्या दृष्टीने ती पायरी नाही. तो घराचा उंबरठा आहे. आत गेले तर दीड-दोन वर्षे ठरलेल्या तारखांना सामने, परदेशप्रवास, प्रशिक्षक, सराव. बाहेर राहिले तर पुष्कळदा काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे किती नाही, हे बांगलादेशच्या उदाहरणावरून कळेल. २०१६ मध्ये आशियाई चषकाच्या पात्रतेसाठी अशीच दोन सामन्यांची जोडी लागली, बांगलादेश विरुद्ध भूतान. ढाक्यात ०–०. १० ऑक्टोबर २०१६ रोजी थिंफूत भूतान ३–१ असा विजयी. ज्या देशाची वस्ती सोळा कोटींच्या घरात आहे तो देश आठ लाखांहूनही लहान देशाकडून बाद झाला. पत्रकारांनी टीका केली, ती सर्वत्र होते. परंतु शिक्षा वेगळीच होती. त्यानंतर बांगलादेशचा राष्ट्रीय संघ पुन्हा मैदानात उतरला तो २७ मार्च २०१८ रोजी, लाओसमध्ये. सतरा महिन्यांहून अधिक काळ त्या संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी, पायांत सर्वांत अधिक बळ असते त्या काळात, एखादा खेळाडू राष्ट्रीय पोशाख घडी करून कपाटात ठेवतो आणि त्याला पुन्हा हात लावण्याचे कारणच उरत नाही. गायकाला दीड वर्ष मैफल मिळू नये, तसेच हे.

म्हणून जून २०१९ मध्ये पुढील विश्वचषकाच्या पहिल्या फेरीत हाच बांगलादेश पुन्हा लाओसपुढे उभा राहिला, तेव्हा त्या खेळाडूंच्या मनात कतारमधील विश्वचषक असेल असे आम्हांस वाटत नाही. ते सतरा महिने असतील. लाओसमध्ये ते १–० असे जिंकले. ढाक्यात ०–० ने निभावले. दोन सामने मिळून एकच गोल; परंतु त्या एका गोलाने पुढची दोन वर्षे मिळवून दिली. त्यांचे काय केले, ते शेवटी सांगतो.

घरच्या मैदानावरचा सामना हे तर या फेरीतील मोठे धन. आणि तेही सगळ्यांना मिळत नाही. २०१५ च्या त्याच फेरीत येमेन आणि पाकिस्तान यांची जोडी होती. येमेनमध्ये अशांतता, म्हणून त्यांचा ‘घरचा’ सामना दोहा येथे झाला. तो त्यांनी ३–१ असा जिंकला. पाकिस्तानचा घरचा सामना लाहोरात ठरला होता. दोन दिवस आधी त्या शहरात दोन चर्चवर बाँबहल्ले झाले, आणि सामना बहारीनला न्यावा लागला. तेथे ०–०. दोन देशांची परीक्षा झाली आणि दोघांच्याही घरातील माणसांना ती पाहता आली नाही.

मकावची कथा याहून चमत्कारिक आहे. ६ जून २०१९ रोजी त्यांनी आपला सामना श्रीलंकेविरुद्ध १–० असा जिंकला. परतीचा सामना श्रीलंकेत. परंतु त्याच वर्षी २१ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, कोलंबोत व इतरत्र भीषण स्फोट झाले होते. मकावच्या संघटनेने सुरक्षेचे कारण सांगून संघ पाठविण्यास नकार दिला. खेळाडू जाण्यास तयार होते. त्यांनी विनवण्या केल्या. संघटना बधली नाही. न खेळलेला सामना ०–३ असा मकावच्या नावावर लागला आणि जिंकलेला संघ बाद झाला. मकावमधल्या खेळाडूंनी याचा निषेध कसा केला पाहा: तेथील चषकाच्या एका सामन्यात दोन्ही संघांनी बचाव करावयाचेच सोडून दिले, आणि तो सामना २१–१८ असा संपला. आम्ही तो आकडा प्रथम वाचला तेव्हा मुद्रणदोष समजलो होतो. संघटनेने भीती बाळगली हे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. दीड महिन्यापूर्वी जेथे शेकडो माणसे मेली तेथे मुले पाठविणे कोणत्याही वडीलधाऱ्याला जड जाईल. परंतु त्या खेळाडूंचे काय गेले, हे २१–१८ या आकड्यावरून समजते.

आतापर्यंत आम्ही दुसऱ्यांविषयी बोललो. भगिनींच्या पत्रात ‘ते चिमुकले संघ’ असे शब्द आहेत. तेव्हा नम्रपणे आठवण करून दिली पाहिजे की या उंबरठ्याशी आपलीही जुनी ओळख आहे, आणि तीत आपल्या गोव्याचाही भाग आहे.

३० ऑक्टोबर २००७. मैदान तेच, फातोर्डा. २०१० च्या विश्वचषकाची पहिली फेरी, समोर लेबनॉन. भारत नुकताच, ऑगस्टमध्ये, सीरियाला हरवून नेहरू चषक जिंकलेला. त्यामुळे आशा होत्या. परंतु लेबनॉनमधील पहिला सामना १–४ असा हातचा गेला होता. फातोर्ड्यात सामना २–२ असा सुटला आणि एकूण ३–६ अशा बेरजेने भारताची स्पर्धा, सुरू झाली त्याच महिन्यात, संपली. पुढच्या खेपेस, २०११ साली, भारताचे प्रशिक्षक होते आपले आर्मांदो कुलासो, ज्यांनी धेंपो संघाला एकूण पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्या वेळी भारत दुसऱ्या फेरीपासून खेळला. पद्धत तीच, दोन सामन्यांची. संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐनच्या मैदानावर, पूर्वार्धातच आपल्या दोन खेळाडूंना तांबडे कार्ड दाखवून बाहेर काढण्यात आले आणि नऊ जणांनी उरलेला सामना रेटला, ०–३. पाच दिवसांनी दिल्लीत २–२. खेळ पुन्हा आटोपला.

आणि २०१५ मध्ये, ज्या १२ तळाच्या संघांविषयी आम्ही वर लिहिले, त्यांत भूतान-श्रीलंकेच्या पंक्तीला भारतही बसला होता. होय, शंभर कोटींहून अधिक वस्तीचा हा देश त्या बारांतला एक होता. गुवाहाटीत सुनील छेत्रीच्या दोन गोलांनी आपण नेपाळला २–० असे हरविले. त्याच सामन्यात गोव्याचा रोमियो फर्नांडिस भारतासाठी प्रथम खेळला. काठमांडूत ०–०. आपण आत गेलो. आत गेल्यावर आठांपैकी सात सामने हरलो, आणि त्यांतला एक ग्वामकडून. पॅसिफिक महासागरातील या बेटाची वस्ती दोन लाखांहूनही कमी. तेव्हा ‘असले चिमुकले संघ’ म्हणताना जरा जपून. मात्र त्या आठ सामन्यांतून आणि त्यापुढच्या पात्रता सामन्यांतून जो संघ घडत गेला, तो २०१९ चा आशियाई चषक खेळला. नेपाळसारख्या बाद झालेल्यांसाठी आशियाई महासंघाने २०१६ मध्ये एक वेगळी छोटी स्पर्धा भरविली. ती नेपाळनेच जिंकली. दार लागल्यावर निदान ओटीवर बसण्याची सोय झाली, हे चांगले झाले.

गुवाहाटीत त्या दिवशी आपले प्रशिक्षक होते स्टीफन कॉन्स्टंटाइन हे इंग्रज गृहस्थ. त्यांनी पूर्वी नेपाळचा संघही सांभाळला होता. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ते पाकिस्तानच्या बाकावर होते. इस्लामाबादेत, घरच्या मैदानावर, पाकिस्तानने कंबोडियाला १–० असे हरविले. विश्वचषक पात्रतेतील पाकिस्तानचा हा पहिलाच विजय. आठ वर्षांपूर्वी ज्यांना घरचा सामना परदेशात खेळावा लागला, त्यांना तो अखेर घरी मिळाला आणि तो त्यांनी जिंकला. त्याच २०२३ च्या पहिल्या फेरीतून निघालेला इंडोनेशिया २०२५ मध्ये चौथ्या फेरीपर्यंत पोहोचला. २०२६ च्या स्पर्धेचे दार त्याला जवळजवळ हाताला लागत होते. भारताला मात्र त्या वेळी उंबरठा ओलांडावा लागला नाही. आपण थेट दुसऱ्या फेरीत होतो, आणि तेथेच थांबलो. गुवाहाटीतच अफगाणिस्तानने आपल्याला हरविले. त्या अफगाणिस्तानने पहिल्या फेरीतला आपला ‘घरचा’ सामना ताजिकिस्तानात खेळला होता.

आता बांगलादेशाचे राहिलेले सांगतो, म्हणजे नातवाच्या प्रश्नाशी येऊ. लाओसविरुद्धच्या त्या एका गोलावर दुसऱ्या फेरीत आलेला तो संघ १५ ऑक्टोबर २०१९ रोजी कोलकात्यात भारताशी खेळला. पूर्वार्धात गोल करून तो पुढे गेला आणि सामना संपत येईपर्यंत पुढेच राहिला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटास ब्रँडन फर्नांडिसने कोपऱ्यावरून चेंडू आत घातला आणि आदिल खानने डोक्याने तो जाळ्यात धाडला, दोघेही गोव्याचे. १–१. सुटलो, असे त्या रात्री आपण म्हटले. सहा वर्षांनी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, ढाक्यात त्याच बांगलादेशने भारताला १–० असे हरविले. तब्बल बावीस वर्षांनी. सिंगापूरच्या सामन्यानंतर सव्वा महिन्यातली ही गोष्ट. डिचोलीच्या घरात त्या रात्रीही कोणी जेवले नसेल, अशी आम्हांस शंका आहे.

तेव्हा भगिनींनी हा लेख नातवास वाचून दाखवावा. विशेषतः ऑक्टोबर २०१६ ते मार्च २०१८ हा भाग. ‘आपण खेळतो कशाला’ असे विचारणाऱ्यास, न खेळता सतरा महिने काढलेल्या संघाने ढाक्यात त्या रात्री काय केले, हे माहीत असलेले बरे. शंका उरलीच, तर त्याने स्वतःच्या हाताने आम्हांला पत्र लिहावे, आजीच्या नव्हे. आणि पुढचा सामना फातोर्ड्यात लागला, तर त्याला दूरचित्रवाणीपुढे न बसविता मैदानावर घेऊन जावे. डिचोलीहून मडगावपर्यंत येण्याजाण्याचा खर्च फारसा नाही, आणि परतताना रात्र झाली तर जेवण वाटेतच करून घ्यावे.